सालीत उतरलेले ऊन

नाशिकच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या निर्यातीच्या द्राक्षबागेत ऐन हंगामात शिरले की मांडवाखाली घड दिसत नाहीत, वर्तमानपत्रे लोंबताना दिसतात. थंडीने मणी गुलाबी पडू नयेत, उन्हाने डागाळू नयेत म्हणून बागाईतदार एकेका घडाला कागद गुंडाळतात. हजारो घडांना हाताने कागद लावायचा म्हणजे मजुरीही तशीच लागते. त्या कागदाच्या आत ऊन फारसे पोहोचत नाही, तरी मणी गोड व्हायचे थांबत नाहीत. कारण साखर मण्यात तयार होतच नाही. ती पानात तयार होते आणि काडीतून, देठातून वाहत मण्यात येऊन साठते. गोडीसाठी ऊन हवे ते पानाला. घड सावलीत असला तरी ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे माप, चढत राहते.

मग घडावर प्रत्यक्ष पडणारे ऊन करते काय? खायच्या द्राक्षात हा प्रश्न मुख्यतः डागांपुरता राहतो. वाइनच्या द्राक्षात मात्र तो मध्यभागी येतो, कारण लाल वाइन नुसत्या रसाची होत नाही; रस, साल आणि बिया एकत्र आंबवून होते. रंग सालीतून येतो, तुरटपणा साल आणि बियांतून येतो, वासही बराचसा सालीतून आणि तिच्या लगतच्या गरातून येतो. नेमका हाच भाग उन्हाच्या थेट तोंडावर असतो. शिराझ या लाल जातीच्या एका मण्याची साल मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी, पण तिच्यात उजेडाला आणि उष्णतेला प्रतिसाद देणाऱ्या रासायनिक हालचाली इतक्या चालतात की गेली पन्नास-साठ वर्षे जगभरचे द्राक्षशास्त्रज्ञ त्यांच्या मागे आहेत.

सुरुवात सावलीपासून करावी लागते. द्राक्षाच्या एका पानावर जो उजेड पडतो, त्यातला प्रकाशसंश्लेषणाच्या कामाचा साधारण ६ टक्केच भाग पलीकडे जातो. त्याच्या मागच्या दुसऱ्या पानाखाली अर्धा टक्काही उरत नाही. म्हणजे दाट वाढलेल्या वेलीत दोन पानांआड लपलेला घड भर दुपारीही जवळपास अंधारात असतो. शिवाय त्या अंधाराचा रंगही वेगळा असतो. पान तांबडा उजेड शोषून घेते आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा दूर-तांबडा उजेड पुढे सोडते. वनस्पतीतली फायटोक्रोम नावाची प्रथिने या दोहोंचे प्रमाण ओळखतात आणि आपण सावलीत आहोत हे पेशींना त्यातून कळते. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात जिनिव्हा येथे नेल्सन शॉलिस यांनी १९६० च्या दशकात हा सावलीचा प्रश्न हाती घेतला आणि वेलीचा पसारा दोन पडद्यांत विभागणारी मांडणी तयार केली. पुढे ऑस्ट्रेलियाचे रिचर्ड स्मार्ट यांनी हाच विचार जगभर नेला. त्यांनी माइक रॉबिन्सन यांच्यासह लिहिलेले ‘सनलाइट इनटू वाइन’ हे १९९१ चे पुस्तक बागेत उभे राहून पाने मोजायला शिकवते. वेलीतून आडवी सळई घातली तर तिला किती पाने लागतात? एक-दीड थर असेल तर ठीक, तीन-चार लागली तर घड अंधारात आहे.

मणी हिरवा आणि टणक असतो तेव्हा तो आम्ले साठवत असतो. मुख्य दोन. टार्टारिक, जे आपल्याकडे चिंचेत भरपूर असते, आणि मॅलिक, जे सफरचंदात असते. टार्टारिक आम्ल द्राक्षात क जीवनसत्त्वापासून तयार होते. फळांच्या जगात ही गोष्ट विरळाच, आणि एकदा साठल्यावर ते आम्ल सहसा हलत नाही. मॅलिकचे तसे नाही. मणी पिकू लागला की तेच आम्ल तो श्वसनात खर्च करू लागतो आणि उष्णता जितकी जास्त तितका हा खर्च वेगाने होतो. उन्हात तापलेल्या घडाची वाइन चवीला सपाट का लागते, त्याचे एक मोठे कारण हे.

याच हिरव्या काळात मणी आणखी एक द्रव्य साठवतो. त्याचे लांबलचक नाव आयसोब्युटाइल मिथॉक्सिपायरेझिन. कॅबर्ने सॉव्हिन्यों, कॅबर्ने फ्राँ, मर्लो, सॉव्हिन्यों ब्लाँ या एकमेकांच्या नात्यातल्या जातींत ते असते. ढोबळी मिरची चिरल्यावर जो हिरवा, कच्चा वास येतो तो याच रेणूचा. पाण्यात ते लिटरला सुमारे दोन नॅनोग्रॅम असले तरी माणसाच्या नाकाला कळते. म्हणजे एक ग्रॅम द्रव्य पन्नास कोटी लिटर पाण्यात, ऑलिंपिकचे दोनशे जलतरण तलाव भरतील एवढ्या पाण्यात, मिसळले तरी वास लागेल. लाल वाइनमध्ये इतर वासांची गर्दी असते म्हणून तिथे ते दहा-पंधरा नॅनोग्रॅमच्या आसपास जाणवू लागते.

मण्याला पाणी उतरण्याच्या, म्हणजे तो मऊ पडून पिकू लागण्याच्या, दोन-तीन आठवडे आधीपर्यंत हे पायरेझिन वाढत जाते आणि मग कमी होऊ लागते. सावलीतल्या घडात ते जास्त साठते, उन्हातल्या घडात कमी. पण संशोधकांनी पाने वेगवेगळ्या वेळी काढून पाहिली तेव्हा लक्षात आले की उन्हाचा खरा परिणाम होतो तो साठवणीच्या काळात. मणी हिरवा असतानाच घडाला ऊन मिळाले तर पायरेझिन मुळात कमी तयार होते. पिकायला लागल्यावर पाने काढली तर उशीर झालेला असतो. त्यानंतरची घट उन्हातल्या आणि सावलीतल्या घडात फारशी वेगळी नसते. कापणीच्या तोंडावर घाईने पाने तोडणाऱ्या बागाईतदाराला डागाळलेले मणी मिळतात आणि मिरचीचा वास आहे तिथेच राहतो. न्यूझीलंडच्या मार्लबरोतल्या सॉव्हिन्यों ब्लाँमध्ये मात्र हाच हिरवा वास थोडासा हवाहवासा असतो. लोक ती वाइन त्यासाठीच घेतात. तिथे पाने किती ठेवायची याचा हिशेब वेगळा.

मग पाणी उतरते. आपल्याकडचे बागाईतदार या अवस्थेला हेच म्हणतात. टणक मणी आठवडाभरात मऊ पडतो, पारदर्शक होऊ लागतो, लाल जातींत रंग चढू लागतो. आत साखर ओतली जाते. आणि बाहेरून न दिसणारा एक बदल होतो. मण्याच्या सालीवर आधीच मोजकी असलेली रंध्रे मेणाने बुजून जातात. पान पाणी बाष्परूपाने सोडून स्वतःला थंड ठेवते. मण्याला आता ती सोय राहत नाही. काळा मणी ऊन शोषतो, वारा नसला तर ती उष्णता बाहेर जात नाही, आणि हवेपेक्षा तो दहा अंशांहूनही अधिक तापतो. हवा ३३ अंश असेल तर मण्याचा अंगचा ताप ४३-४५ पर्यंत जाऊ शकतो.

इथे सगळ्या विषयाचा गाभा येतो. ऊन म्हणजे उजेड की उष्णता? दोन्ही एकाच किरणासोबत येतात, त्यामुळे उन्हातला घड आणि सावलीतला घड यांची तुलना केली तर फरक कशामुळे पडला हे सांगताच येत नाही. वर्षानुवर्षे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. कुणी म्हणे उन्हाने रंग वाढतो, कुणी म्हणे घटतो. दोघेही खरे सांगत होते.

या शास्त्रातला मला सर्वांत देखणा वाटणारा प्रयोग अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, याकिमा खोऱ्यात झाला. पाऊस अगदी तुटपुंजा, आकाश निरभ्र, ऊन कडक असा तो भाग. सारा स्पेड, ज्युली टरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मर्लोच्या उत्तर-दक्षिण ओळी घेतल्या. ओळीच्या पूर्वेकडचे घड सकाळचे ऊन खातात, पश्चिमेकडचे दुपारनंतरचे. त्यांनी बागेतच नळ्या बसवल्या. उन्हातल्या काही घडांवर थंड हवा सोडून ते सावलीतल्या घडांइतके गार ठेवले. सावलीतल्या काही घडांवर गरम हवा सोडून ते उन्हातल्या घडांइतके तापवले. म्हणजे एका घडाला उजेड आहे पण ताप नाही, दुसऱ्याला ताप आहे पण उजेड नाही. आणखी काही घडांसमोर अतिनील किरण अडवणारे पडदे लावले. उघड्या रानात, वेलीला लटकलेल्या घडावर, दिवसभर बदलत्या उन्हाबरोबर हवेचे तापमान जुळवत राहणे किती कठीण असेल याची कल्पना करा. २००२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

रंग देणाऱ्या अँथोसायनिन द्रव्यांना उजेड हवा होता आणि ताप नको होता. उन्हातला घड गार ठेवला की रंग वाढला. सावलीतला घड तापवला की घटला. पश्चिमेकडच्या घडांना भरपूर उजेड मिळत होता, पण दुपारच्या तापाने त्यातून मिळालेले हिरावले जात होते. फ्लॅव्होनॉल नावाच्या दुसऱ्या गटाची तऱ्हा अगदीच निराळी निघाली. ती द्रव्ये उन्हातल्या घडात सावलीतल्या घडाच्या जवळपास दहापट होती, आणि घड गार आहे की तापलेला याने त्यांना फारसा फरक पडत नव्हता. अतिनील किरण अडवले की ती घटत. रंगद्रव्यांवर मात्र त्या पडद्याचा परिणाम नगण्य होता. एकाच सालीत, एकाच कुळातली दोन द्रव्ये, आणि दोघांचे उन्हाशी नाते इतके भिन्न.

फ्लॅव्होनॉलचे काम पाहिले की याचा उलगडा होतो. क्वेर्सेटिन, केम्फेरॉल, मिरिसेटिन ही नावे त्यातली. ती अतिनील किरण शोषतात आणि सालीखालच्या पेशींना वाचवतात. वनस्पतीकडे यूव्हीआर-८ नावाचे एक प्रथिन असते, जे अतिनील-ब किरण ओळखते. तो इशारा मिळाला की द्राक्षात एक ठरावीक जनुक जागे होते, ते दुसऱ्याला जागे करते, आणि क्वेर्सेटिन तयार होऊ लागते. पांढऱ्या द्राक्षातही हे घडते. शार्डने किंवा शेनिन ब्लाँच्या घडाचा उन्हाकडचा गाल पिवळसर-सोनेरी होतो आणि मागची बाजू हिरवट राहते. पांढऱ्या जातींत अँथोसायनिन बनवण्याचा आदेश देणारे जनुक मोडलेले असते. जपानी शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवून दिले की त्या जनुकात उड्या मारणारा एक डीएनएचा तुकडा येऊन बसला आहे. त्यामुळे कितीही ऊन दिले तरी ती जात लाल होणार नाही, पण अतिनील किरणांपासूनचे संरक्षण मात्र ती पुरेपूर करते.

क्वेर्सेटिन वाइनमध्येही उतरते. कोवळ्या लाल वाइनमध्ये ते अँथोसायनिनच्या रेणूंना बिलगून त्यांचा रंग अधिक गडद भासवते. पण इटलीतल्या टस्कनीत सान्जोव्हेसे जातीच्या वाइनमध्ये ते इतके जास्त होऊ शकते की बाटलीत पिवळसर गाळ बसतो. वाइन बिघडलेली नसते, तरी ग्राहक ती परत करतो. घड उघडे ठेवण्याचा सल्ला सरसकट पाळला की काय होते, याचा हा बाटलीतला पुरावा आहे.

तापाने रंग घटतो तो नेमका कसा, हेही नंतर पाहिले गेले. रंग कमी तयार होतो की तयार झालेला नष्ट होतो? जपानमध्ये केंतारो मोरी आणि सहकाऱ्यांनी कॅबर्ने सॉव्हिन्योंच्या वेली कमाल २५ आणि कमाल ३५ अंशांत वाढवल्या. अधिक तापातल्या मण्यांत रंग निम्म्याहूनही कमी भरला. त्यांनी कार्बनचा जड समस्थानिक वापरून मण्यातल्या रंगद्रव्यांवर खूण केली आणि ती कुठे जातात ते पाहिले. ३५ अंशांत आधीच तयार झालेला रंगही नाहीसा होत होता. हे काम २००७ चे. ऑस्ट्रेलियात मार्क डाउनी यांनी शिराझच्या घडांना फुलोऱ्याच्या आधीच अपारदर्शक डबे लावले. आत हवा खेळती राहील पण उजेड जाणार नाही अशी त्यांची रचना होती. त्या काळोखात वाढलेल्या शिराझला रंग आला, जवळपास उन्हातल्या इतकाच! फ्लॅव्होनॉल मात्र अगदी क्षुल्लक राहिले. म्हणजे रंगासाठी उजेडाची गरज जातीजातीत वेगळी. मर्लोचा धडा शिराझला तसाच लावता येत नाही.

वासांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. हिरवा मणी उन्हापासून स्वतःच्या हरितद्रव्याचे रक्षण करण्यासाठी कॅरोटिनॉइड ठेवतो, म्हणजे गाजराला आणि झेंडूला रंग देणाऱ्या द्रव्यांची भावंडे. मणी पिकताना ती मोडतात आणि त्यांच्या तुकड्यांपासून वासाची द्रव्ये तयार होतात. काही गुलाबासारख्या, काही मुरलेल्या फळासारख्या वासाची. रिसलिंग या जर्मन जातीत यातूनच टीडीएन नावाचा रेणू येतो, आणि त्याचा वास चक्क रॉकेलचा. ताज्या वाइनमध्ये तो फारसा नसतो. साखरेला जोडून असलेली पूर्वरूपे बाटलीत हळूहळू सुटतात आणि काही वर्षांनी रॉकेल जाणवू लागते. जुन्या रिसलिंगचे चाहते तो वास कौतुकाने शोधतात, पण कोवळ्या बाटलीत तो आला तर नाक मुरडतात. घडाला जितके ऊन, तितके टीडीएन जास्त. मोझेल नदीकाठी, जिथे ब्रेम गावाजवळच्या काल्मोंट डोंगराचा उतार ६५ अंशांपर्यंत जातो आणि माणसे अक्षरशः दोराच्या आधाराने काम करतात, तिथे पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक किरण पकडण्यासाठी दक्षिणेकडचा उतार निवडला गेला. आता उन्हाळे तापू लागल्यावर त्याच भागात घडासमोरची पाने राखण्याची चर्चा होते.

उलट दिशेने जाणारा एक रेणूही आहे. गार हवामानातल्या शिराझला काळ्या मिऱ्याचा वास येतो. तो कशाचा, हे ऑस्ट्रेलियन वाइन संशोधन संस्थेने २००८ मध्ये जाहीर केले. रोटंडोन. खऱ्या मिऱ्यातला वासही त्याचाच. लाल वाइनमध्ये लिटरला १६ नॅनोग्रॅम पुरतात, पण साधारण पाच माणसांतल्या एकाला तो वास अजिबात कळत नाही. एकाच टेबलावर बसलेल्या दोन जाणकारांचे मत म्हणूनच जुळत नाही. हा रेणू शास्त्रज्ञांना चार दशके आधीच ठाऊक होता, तो नागरमोथ्याच्या कंदात सापडला म्हणून. दिवाळीच्या उटण्यात पडणारा तोच नागरमोथा. रोटंडोन घडाच्या सावलीतल्या, गार राहिलेल्या मण्यांत जास्त असते. ऊन थेट लागून मणी तापला की ते कमी होते. म्हणजे मिरचीचा वास घालवायला घड उघडा करावा आणि मिऱ्याचा वास ठेवायला झाकावा, अशी ही ओढाताण. सुदैवाने शिराझमध्ये ढोबळी मिरचीवाला रेणू फारसा नसतो, त्यामुळे निवड सोपी होते.

नाशिकची गोष्ट या सगळ्यापेक्षा वेगळी आहे आणि तिच्याबद्दल अधिक लिहिले जायला हवे. युरोपात द्राक्ष ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये पिकते. तेव्हा दिवस लहान होत असतात, सूर्य खाली उतरत असतो, रात्री गार होत जातात. मोझेलला सप्टेंबरअखेर दुपारचा सूर्य क्षितिजापासून चाळीस अंशांच्याही खाली असतो. मणी जसजसा पिकतो तसतसे ऊन सौम्य होत जाते. नाशिकला बरोबर उलटे. आपल्याकडे वेल पूर्ण झोपत नाही, म्हणून दोनदा छाटावी लागते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी. त्यामुळे मण्याला पाणी उतरते ते थंडीत आणि काढणी होते जानेवारी ते मार्चमध्ये. डिसेंबरअखेर नाशिकला माध्यान्हीचा सूर्य ४६-४७ अंशांवर असतो, मार्चच्या मध्याला ६८ अंशांवर. निफाडला थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांच्या खाली जातो आणि त्याच वेलीचे उशिराचे घड तोडायला येईपर्यंत दुपार ३५ अंशांची झालेली असते. इथला मणी गारव्यात सुरुवात करून तापात संपवतो. जानेवारीत तोडलेल्या शेनिन आणि सॉव्हिन्यों ब्लाँमध्ये आंबटपणा टिकतो तो याच कारणाने. मार्चपर्यंत लांबलेल्या लाल जातींत मॅलिक आम्ल जळून जाते, साखर पुढे धावते आणि रंग मागे राहतो.

म्हणून युरोपातली पाने काढण्याची पुस्तकी वेळ नाशिकला जशीच्या तशी लागू करणे मला धोक्याचे वाटते. इथे थंडीत, मणी हिरवा असताना, सूर्य दक्षिणेला कललेला असताना घडाला सकाळचे ऊन दाखवणे निर्धोक आहे. त्यातून साल उन्हाला सरावते, क्वेर्सेटिनचे कवच आधीच तयार होते. आतापर्यंत सावलीत असलेला घड फेब्रुवारीत एकदम उघडा केला तर त्या कवचाशिवाय तो कडक उन्हाला सामोरा जातो आणि दोन-तीन दिवसांत पश्चिमेच्या बाजूला उकड्या दिसू लागतात. मणी शिजल्यासारखा तपकिरी पडतो, सुकतो, आणि तो घडातून काढावाच लागतो. उत्तर-दक्षिण ओळीत पूर्वेची पाने विरळ करून पश्चिमेची राखणे हा याकिमातला धडा इथे तर दुप्पट खरा ठरतो.

याच उन्हाचे आणखी एक काम असते, ते या वर्षीच्या मण्याशी संबंधितच नसते. काढणीनंतर वेल खरड छाटणीने उघडी केली जाते आणि एप्रिल-मेच्या उन्हात नवी फूट येते. त्या कोवळ्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. बागाईतदार त्याला सूक्ष्मघडनिर्मिती म्हणतात. डोळ्याच्या आत असलेल्या त्या सुरुवातीच्या उंचवट्याचा घड व्हायचा की वेलीला धरून ठेवणारी बाळी व्हायची, हे बऱ्याच अंशी काडीला मिळालेल्या उजेडावर ठरते. फुटवे दाटीने वाढले, विरळणी झाली नाही, किंवा त्या दिवसांत आभाळ सतत झाकलेले राहिले, तर फळ छाटणीनंतर घडाऐवजी बाळ्या येतात, नाहीतर नुसते अर्धवट राहिलेले गोळी घड. म्हणून मार्चमध्ये घडासमोर पाने राखणारा बागाईतदार मे महिन्यात काडीला ऊन मिळावे म्हणून जादा फुटी काढताना दिसतो.